रोस्विताची चव

जत्रेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास, रोस्विताने वीस लिटर सूप मागच्या अंगणातल्या गटारात ओतून दिलं.

मी नेमकी तेव्हाच सायकल भिंतीला टेकवत होते. ऑक्टोबर होता, पठारावर थंडी लवकर उतरते. गटाराच्या जाळीतून वाफ वर येत होती आणि तिला असा काही वास होता की घरून पोटभर खाऊन निघालेल्या माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. हाडं, गाजरं, काळपट भाजलेला कांदा, कालपासून मंद आचेवर रटरटलेलं सगळं. याच सुपावर उद्या एकशे दहा ताटांचं बटाट्याचं सॅलड व्हायचं होतं.

“अगं, हे काय केलंस?”

“सडलं होतं.” रिकामं पातेलं तिच्या हातात तसंच होतं. “तुला वास नाही आला?”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग गटाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. जे बोलायचं मी चार महिने टाळत होते ते आता आम्हा दोघींच्या मध्ये येऊन उभं राहिलं होतं.

‘कोकरू’ ही आमच्या हाल्डेनबाख गावातली एकुलती एक खाणावळ. रोस्विताचा नवरा अलोइस, त्याच्या पणजोबांनी सुरू केलेली. अलोइस पुढे बिअरचे ग्लास भरतो आणि गप्पा छाटतो, रोस्विता आत रांधते, आणि मी, मार्लीस, अठरा वर्षं ताटं वाढते. मी मूळची उत्तरेकडची, समुद्राकाठची. लग्न करून इथे आले, म्हणजे बावीस वर्षांनंतरही पाहुणीच.

लोक तीन-तीन गावं ओलांडून ‘कोकरू’त येतात ते एका ताटासाठी. डुकराच्या मांडीचा काप ठोकून ठोकून पातळ केलेला, आधी पीठ, मग अंडं, मग शिळ्या पावाचा चुरा लावून तुपात पोहत तळलेला. ते श्निट्झेल. शेजारी कोमट बटाट्याचं सॅलड. खरं सांगायचं तर श्निट्झेल कुठेही बरं मिळतं. बटाट्यासाठी मात्र इथेच यावं लागतं. बटाटे सालासकट उकडायचे, बोटं पोळत असतानाच सोलायचे, गरम गरम चकत्या करायच्या. वर कढत सूप, बारीक कांदा, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट. तेल अगदी शेवटी, नाहीतर बटाटा सूप पिऊन घेत नाही. आणि ढवळताना आवाज यायला हवा, चिखलातून बूट उपसल्यासारखा पचाक्‌ पचाक्‌. तो आवाज नसलेलं सॅलड समोर आलं तर इथली माणसं काटा खाली ठेवतात आणि हवापाण्याच्या गोष्टी बोलू लागतात.

हे सगळं रोस्विता चाळीस वर्षं करत आली होती, सासूच्या हाताखाली एकोणतीस आणि सासू गेल्यावर एकटीने अकरा.

त्या जानेवारीत, साथीच्या दुसऱ्या हिवाळ्यात, ती दहा दिवस तापाने पडली. खाणावळ तेव्हा सरकारी हुकमाने बंदच होती. ती उठली, हिंडूफिरू लागली, सगळे म्हणाले, सुटलीस बाई. जूनमध्ये आम्ही दारं उघडली आणि पहिल्याच शुक्रवारी फ्रिडोलिननी मला बोटाने जवळ बोलावलं. फ्रिडोलिन म्हणजे आमचे जुने पोस्टमन, ऐंशी वर्षांचे, खिडकीतलं टेबल त्यांचंच.

“मार्लीसबाई, स्वयंपाकीण प्रेमात पडलीय की काय?”

मीठ जास्त पडलं की आमच्याकडे असं विचारतात. मी हसले. त्यांच्या ताटातली एक चकती आत जाऊन चाखली. समुद्राकाठी वाढलेय मी, पण इतका खारट समुद्र मीही पाहिला नव्हता. मी काय केलं? ताट बदललं, नव्या सॅलडमध्ये दोन उकडलेले बटाटे चोरून मिसळले आणि फ्रिडोलिनना म्हटलं, “उन्हाने तुमची जीभ वाळलीय.”

जुलैत एकदा कढईतलं तूप काळं होऊन धुरायला लागलं आणि दोन हात अंतरावर उभी राहून रोस्विता शांतपणे कांद्याची पात चिरत होती. मी धावत जाऊन गॅस बंद केला. ती म्हणाली, “लक्ष नव्हतं.” त्या दिवसापासून तिचा पाय एका जागी ठरेना. चुलीपासून फ्रीजपर्यंत, फ्रीजपासून खिडकीपर्यंत. दुधाच्या खोक्यावरची तारीख वाचायची, खोका ठेवायचा, दोन मिनिटांनी पुन्हा काढून वाचायची. व्हिनेगरच्या बाटलीचं बूच उघडून नाकाशी धरायची, आणि कुणी आलं की बाटली पुसत असल्यासारखं करायची.

मला कळलं होतं. मी बोलले नाही. आधी वाटलं, तिला वाईट वाटेल. मग वाटलं, आता इतक्या उशिरा कसं सांगू?

त्या शनिवारी अंगणात तिनेच विचारलं.

“मार्लीस, खरं सांग. सूप चांगलं होतं ना?”

“उत्तम होतं.”

ती पायरीवर बसली. पातेलं मांडीवर घेतलं.

“मला उकिरड्यासारखा वास आला. जानेवारीपासून काहीच नव्हतं, सगळं कागदासारखं. मग सप्टेंबरात वास परत आला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पहिल्याच सकाळी कॉफी केली, तर तिला जळक्या रबराची घाण. कांदा चिरला तर मेलेला उंदीर. तूप तापवलं की मळमळतं. तीन आठवडे मी स्वतःला सांगतेय, बाई, घाण नाकात आहे, पातेल्यात नाही. पण आज वाटलं, खरंच सडलं असलं तर? एकशे दहा माणसं, मार्लीस. म्हातारी माणसं, पोरं. मला कळणार कसं?”

“मला विचारायचंस.”

“म्हणजे तुला माहीत होतं.” तिने मान वर केली. “कधीपासून?”

“जूनपासून.”

“जून.” ती उठली. “चार महिने मी तुझ्या हातात ताटं देतेय आणि तू ती उचलून बाहेर नेतेयस. चार महिने!”

“मला वाटलं, तुला—”

“मला आंधळी करून रस्ता ओलांडायला लावलंस तू,” ती म्हणाली आणि पातेलं घेऊन आत गेली.

खरंच होतं ते.

अर्ध्या तासाने ती कोट घालून खाटकाकडे निघाली, नवी हाडं आणायला. अलोइसने गल्ल्यामागून विचारलं, “सूप कुठे गेलं?”

“सांडलं.”

“वीस लिटर?”

“हो.”

“बरं,” अलोइस म्हणाला आणि ग्लास पुसू लागला. तो असाच. सगळ्या गावाशी बोलतो, बायकोशी ‘बरं’.

दुपारी नवी हाडं चुलीवर चढली. मी मांस ठोकत होते, ती पाव किसत होती. दोघींत शब्द नव्हता. शेवटी मीच म्हटलं, “उद्या मी चाखते. प्रत्येक पातेलं. तू फक्त घाल, मी सांगते.”

तिने किसणी थांबवली. रागातही तिला हसू आवरलं नाही.

“तू? तुमच्याकडे बटाट्यात मेयोनेझ घालतात.”

“बावीस वर्षं झाली मला इथे!”

“जीभ आईच्या घरी तयार होते, मार्लीस. खारट-अळणी तू सांगशील. बरोबर झालंय का, ते नाही सांगू शकणार.”

“मग अलोइस?”

“तो चाखायच्या आधी मीठ टाकतो.”

“मग कोण उरलं?”

तिची नजर खिडकीतून रस्त्यापलीकडे गेली आणि लगेच परत आली. मला कळलं.

रस्त्यापलीकडे, चौथ्या घरात, गेर्लिंडे राहायची. अलोइसची थोरली बहीण, रोस्विताची नणंद. जन्मभर मोज्यांच्या कारखान्यात शिवणकाम केलं, लग्न केलं नाही, दर रविवारी ‘कोकरू’च्या स्वयंपाकघरात आईच्या उजव्या हाताला उभी राहायची. आई गेली तेव्हा मयताच्या जेवणाला सॅलड रोस्विताने केलं. भरल्या खोलीत गेर्लिंडेने एक घास घेतला, ताट सरकवलं आणि म्हणाली, “आईबरोबर हेही पुरलं म्हणायचं.” रोस्विता वाढत होती. ती तिथल्या तिथे म्हणाली, “मग पुढच्या वेळी घरून डबा आण.” मी तेव्हा हातात सहा ताटं घेऊन दारात उभी होते. अजून आठवतं, कुणी चमचासुद्धा वाजवला नाही.

त्यानंतर अकरा वर्षं गेर्लिंडेने उंबरा ओलांडला नाही. दोघी बेकरीत समोरासमोर आल्या तर एकमेकींच्या मागची भिंत पाहायच्या. अलोइस नाताळात बहिणीकडे एकटाच जायचा.

“ती नाही,” रोस्विता म्हणाली, मी काही विचारलेलं नसताना. “मरेन, पण ती नाही.”

मग ती सूप पाहायला गेली, तिथून तळघरात, तिथून अंगणात. चार वाजता खिडकीतून पाहिलं तर ही रस्ता ओलांडून पलीकडे पोहोचलेली. चौथ्या घराच्या फाटकापाशी थांबली, जणू बुटाची नाडी सुटली, वाकली, आणि परत आली. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती फाटकावर हात ठेवून उभी राहिली, तेवढ्यात पाद्रीबाई सायकलवरून आल्या, “उद्या भेटूच, रोस्विता! दोन ताटं माझी!” म्हणाल्या, आणि ती पळाल्यासारखी आत आली.

“उद्या ठरवू,” ती म्हणाली.

रविवारी आठला मी पोचले तेव्हा चर्चसमोर बँडवाल्यांची तालीम चालू होती. तुताऱ्या एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होत्या आणि पुन्हा पुन्हा तिथेच अडखळत होत्या. स्वयंपाकघराची सगळी खिडक्या-दारं सताड उघडी. रोस्विताच्या नाकाखाली, घाण वास दाबायला लावलेल्या सर्दीच्या मलमाचा जाड थर चकाकत होता. समोर दोन किलो बटाट्यांचं एक छोटं पातेलं, नुकतं कालवलेलं.

“चाख.”

मी चाखलं. काहीतरी बिनसलं होतं. आंबट, बोथट. पण नेमकं काय, ते मला धरता येईना.

“बरं आहे, पण...”

“पण काय?”

“पण ते नाही.”

“काय नाही ते सांग!”

“मला नाही सांगता येत!”

तिने पातेल्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग एक वाडगा घेतला, भरला, वर बशी झाकली, त्यावर फडकं गुंडाळलं.

“चल माझ्याबरोबर. माझे हात अडकलेत, घंटी तुला वाजवावी लागेल.”

एप्रनवरच आम्ही निघालो. जत्रेचे कपडे घातलेले लोक फाटकांतून बाहेर पडत होते. सगळ्यांनी पाहिलं. ‘कोकरू’ची रोस्विता, छातीशी वाडगा धरून, नाकाखाली मलम फासून, रस्त्याने जवळजवळ धावतेय. कुणीतरी हाक मारली. तिने मान वळवली नाही. मी घंटी वाजवली.

गेर्लिंडे दारात आली. केसांत अजून रोलर होते. आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक झाला.

“अलोइस?”

“अलोइस ठीक आहे,” रोस्विता म्हणाली.

गेर्लिंडेने दाराच्या चौकटीला धरलं, श्वास सोडला. मग तिचे ओठ पुन्हा मिटले.

“मग काय पाहिजे?”

“चव बघ.”

“अकरा वर्षांनी?”

“गार होतंय.”

इतर काही म्हटलं असतं तर गेर्लिंडेने दार लावलं असतं असं मला आजही वाटतं. पण सॅलड गार होतंय म्हटल्यावर या पठारावरची बाई ते पाहू शकत नाही. ती आत गेली, स्वतःचा काटा घेऊन आली, उंबऱ्यातच उभी राहून एक घास घेतला. डोळे मिटून चावला. आणखी एक घेतला.

“व्हिनेगर दोनदा पडलंय.”

“मी मोजून घातलंय.”

“मग मोजून दोनदा घातलंयस. मीठ नाहीच. कांद्यावर सूप कढत पडलेलं नाही, कांदा कच्चा राहिलाय. काय गं, तुला लागत नाही का?”

“नाही,” रोस्विता म्हणाली.

“काय नाही?”

“लागत नाही. काहीच. जानेवारीत नाक गेलं. आता आलंय, पण वाकडं आलंय. कांद्याला मेलेल्या उंदराचा वास येतो. काल मी वीस लिटर चांगलं सूप गटारात ओतलं.”

गेर्लिंडेने काटा खाली केला. मग तिचं लक्ष रोस्विताच्या नाकाखालच्या मलमाकडे गेलं.

“अलोइसला माहीत आहे?”

“नाही.”

“गाढव आहे तो. आमच्या घरात पुरुषांना सगळं शेवटी कळतं.” मग थोडं थांबून, “आणि माझ्याकडे का आलीस?”

“तुझी जीभ आईंची आहे. मला तू आवडत नाहीस, गेर्लिंडे. पण तू खोटं बोलत नाहीस.”

माझे कान तापले. ते शेवटचं बोलणं मला होतं की गेर्लिंडेला, कोण जाणे. दोघींनाही असावं.

“त्या दिवशीचं सॅलड खरंच वाईट होतं,” गेर्लिंडे म्हणाली.

“दीडशे माणसं होती. त्याआधी दोन रात्री मी आईंच्या उशाशी बसून काढल्या होत्या.”

“तरी वाईट होतं.”

“होतं,” रोस्विता म्हणाली. “गार झालं होतं.”

“पण मी ते लोकांत बोलायला नको होतं.” गेर्लिंडेने एक रोलर उपसला, मग दुसरा. “किती माणसं आहेत?”

“एकशे दहा.”

“आणि तुम्ही दोघी इथे उभ्या? बटाटे कुणी लावलेत?”

“कुणी नाही.”

“देवा रे!” ती म्हणाली, आणि अर्धे रोलर केसांत तसेच ठेवून कोट शोधायला आत गेली.

पहिला तास मी आयुष्यात विसरणार नाही. अकरा वर्षांत स्वयंपाकघर बदललं होतं आणि गेर्लिंडेला प्रत्येक वस्तू जुन्या जागी हवी होती. “गाळणं इथे कशाला?” “कारण तिथे भांडी धुवायची नवी मशीन आहे.” “आईने कधी मशीन वापरली नाही.” “आईंच्या हाताखाली तू आणि मी दोघी होतो, माझ्या हाताखाली कोण आहे?” मी मध्येच “मी आहे,” म्हटलं, तर दोघींनी एकदम “तू गप्प बस!” म्हणून सुनावलं. त्यानंतर जरा बरं झालं.

कामाची वाटणी कुणी बोलून केली नाही, ती होत गेली. गेर्लिंडे बटाट्यांशी, रोस्विता तुपाशी. तापलेल्या तुपाच्या वासाने तिचा चेहरा हिरवट पडायचा, दोन-दोन मिनिटांनी ती खिडकीत जाऊन बाहेरची हवा ओढायची आणि परत यायची. पण तळायला नाक लागत नाही, हे तिला त्या दिवशी उमगलं. तुपाचा आवाज ती ऐकत होती. काप सोडला की आधी मोठा चर्रर्र, मग तो बारीक होत जातो, पावसाची सर ओसरावी तसा. तो बारीक झाला की उलटायचा. कढई सारखी हलवत राहायची म्हणजे तूप वरून लाटेसारखं जातं आणि चुऱ्याचं आवरण मांसापासून सुटून फुगतं. डोळा, कान, मनगट. ती आवाज ऐकायला वाकायची आणि मी ताट आपटलं की ओरडायची.

“साखर घातलीस?” कढईवरून नजर न काढता तिने विचारलं.

“चिमूटभर,” गेर्लिंडे म्हणाली.

“आम्ही साखर घालत नाही.”

“आई घालायची. तू पाठ फिरवलीस की घालायची.”

रोस्विताचा हात थांबला. “एकोणतीस वर्षं?”

“एकोणतीस वर्षं.”

“म्हातारी!” रोस्विता म्हणाली. आणि काप उलटला.

साडेअकराला अलोइस बर्फ घ्यायला आत आला. बहिणीला पाहून दारातच खिळला. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग काही न बोलता वळला आणि बर्फ न घेताच बाहेर गेला. दोन मिनिटांनी परत आला, पुन्हा बर्फ विसरला, आणि गेर्लिंडेच्या खांद्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला.

“सरक,” ती म्हणाली. “बटाटे गार होतायत.”

बाराला बँड आत आला, आणि मग मला वर पाहायला फुरसत मिळाली नाही. खोली गच्च भरली. ताटं जात होती, रिकामी येत होती, चाटूनपुसून. पण माझ्या कानावर दुसरंच येऊ लागलं. सकाळचा वाडगा साऱ्या गावाने पाहिला होता. बँडच्या टेबलावर एकजण म्हणाला, “गेर्लिंडे आत आहे म्हणे.” दुसरा म्हणाला, “मग रोस्विताला काढलं की काय?” फ्रिडोलिननी मला खुणेने बोलावलं.

“मार्लीसबाई, हे बटाटे... खूप वर्षांनी लागली ही चव. स्वयंपाकीण बदलली का?”

जूनपासून माझ्या जिभेवर खोटं तयारच असायचं. त्या दिवशी ते आलं नाही.

“तिलाच विचारते,” मी म्हटलं आणि आत जाऊन जसंच्या तसं सांगितलं. काढलं की काय, तेसुद्धा.

रोस्विताने गॅस बारीक केला. गेर्लिंडे म्हणाली, “जाऊ दे, लोक बोलतात.” रोस्विता तरीही बाहेर गेली, हातात झारा तसाच, तूप ठिबकतंय.

“ऐका,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तुतारीवाल्याने तुतारी खाली ठेवली. “मला कुणी काढलेलं नाही. माझं नाक गेलंय. जानेवारीपासून. जूनमध्ये खारट झालं, जुलैत करपलं, ते त्यामुळे. मी लपवलं, कारण मला भीती वाटली. आजचे बटाटे गेर्लिंडेने कालवलेत. श्निट्झेल माझं आहे. कुणाला काही बोलायचं असेल तर आत्ता बोला, मला आत काम आहे.”

अलोइस गल्ल्यामागे ग्लास हातात धरून उभा होता. नळातून बिअर वाहत होती, ग्लासातून उतू जात होती, त्याच्या बाहीवरून खाली. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बघू शकले नाही, मी मान खाली घातली.

मग कोपऱ्यातून पाद्रीबाईंचा आवाज आला. “माझंही गेलं होतं. फेब्रुवारीत. मला अजून चॉकलेट मातीसारखं लागतं.”

“माझ्या बायकोला टूथपेस्ट सहन होत नाही,” बँडमधला ढोलवाला म्हणाला. “ती मिठाने दात घासते.”

“आणि तू मला कधी सांगितलं नाहीस?” त्याच्या शेजारचा म्हणाला. “मला वाटलं मी एकटाच. मी तर पेट्रोल भरताना...”

सगळी खोली एकदम बोलायला लागली. कुणाला अंडी चालत नव्हती, कुणाला स्वतःच्या नवऱ्याचा वास. हशा झाला. फ्रिडोलिन काटा उंचावून ओरडले, “माझं नाक शाबूत आहे! आणखी बटाटे!” रोस्विता क्षणभर तिथेच उभी राहिली. तिला रडू येतंय की हसू, ते तिलाही ठरवता येत नसावं. मग आतून गेर्लिंडे खेकसली, “तूप तापलंय, कुणी येणार आहे का?” आणि ती पळाली.

अलोइस तिच्या मागोमाग आत गेला. दार लोटलं गेलं. मला फक्त त्याचा आवाज ऐकू आला, “अगं, मला का नाही सांगितलंस?” आणि तिचा, “तू ‘बरं’ म्हणाला असतास.” त्यावर तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. पण तो तिसऱ्यांदाही बर्फ विसरला.

त्या दिवशी एकशे दहाऐवजी एकशे बावीस ताटं गेली. शेवटच्या दहांना सॅलड थोडं थोडंच मिळालं.

यानंतर सगळं गोड झालं असं कुणी म्हणेल तर ते खोटं. गेर्लिंडे दर शुक्रवारी-रविवारी येऊ लागली, आणि दर शुक्रवारी-रविवारी त्या दोघी भांडत. साखरेवरून, गाळण्यावरून, मेलेल्या म्हातारीला कुणी जास्त ओळखलं यावरून. रोस्विता माझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलली. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, “माफ केलंय. राग मात्र अजून आहे, तो आपल्या वेळेने जाईल.” नाताळाच्या सुमारास तिने एकदा मला चमचा पुढे केला, “खारट आहे?” विचारलं. मी “हो, बऱ्यापैकी,” म्हटलं. तिने मान हलवली. तेव्हा कळलं, राग निम्मा तरी गेला.

जानेवारीत गावाबाहेरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला चार छोट्या बाटल्या दिल्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली वीस सेकंद हुंगायची आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. नाकाला पुन्हा शाळेत घालायचं, डॉक्टर म्हणाले. रोस्विताला वीस सेकंद एका जागी बसणं जमेना. दहाव्या सेकंदाला ती उठून चुलीकडे बघायची. मग गेर्लिंडेने घड्याळ घेऊन समोर बसायला सुरुवात केली.

“अकरा. बस खाली. बारा.”

“पातेलं—”

“पातेलं मी बघतेय. तेरा.”

मार्चमध्ये एका सकाळी मी आले तेव्हा दोघी अशाच समोरासमोर. रोस्विताच्या नाकाशी लवंगेची बाटली होती. गेर्लिंडे वीसवर पोचली, थांबली. रोस्विताने बाटली खाली केली नाही.

“काय?” गेर्लिंडेने विचारलं.

“लवंग नाही,” रोस्विता म्हणाली. “पण काहीतरी आहे.”

“चांगलं की वाईट?”

“कळत नाही. थांब, बोलू नकोस.”

गेर्लिंडे गप्प बसली. मीही दारातच थांबले, कोट अंगावर तसाच. चुलीवर बटाट्यांचं पाणी उकळू लागलं, झाकण थडथडलं, आणि आम्हा तिघींपैकी कुणीच उठलं नाही.